४९९ वा सदस्य: म्यानमारच्या लष्कराने विरोधी पक्षाला गणितात कसे अडकवले

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस म्यानमारमध्ये मतदानाचा पहिला टप्पा पार पडला, तेव्हा बातम्यांमध्ये पन्नासहून अधिक पक्ष रिंगणात असल्याचा उल्लेख होता. तो वाचून लष्करी राजवट आता सैल होत असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. कारण हुकूमशहा निवडणुका होऊ देत नाहीत आणि पक्षांवर सरसकट बंदी घालतात, अशीच आपली सर्वसाधारण कल्पना असते. परंतु २०२० च्या निवडणुकीत मतदान झालेल्या ४७६ जागांपैकी ३९६ जागा जिंकणारा नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी, म्हणजे एनएलडी, हा पक्ष या मतदानात कोठेही नव्हता. कायद्याच्या दृष्टीने तो पक्ष मार्च २०२३ मध्येच संपला होता. पन्नास पक्षांना परवानगी देऊन एकाच पक्षाला नाहीसे करण्याची ही रीत राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला फार काही शिकवून जाते. तिचा गाभा बंदुकीइतकाच अंकगणितातही आहे, आणि ते अंकगणित शालेय पातळीचे असल्यामुळे कोणालाही तपासून पाहता येते.

मराठी वाचकाला हा देश अगदीच परका नाही. लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ या काळातील शिक्षा मंडालेच्या तुरुंगात भोगली, आणि ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याने उरलेले आयुष्य रत्नागिरीत नजरकैदेत काढले. पुढच्या काळातला ब्रह्मदेश मात्र आपल्या वाचनात फारसा येत नाही.

जनरल ने विन यांनी २ मार्च १९६२ रोजी सत्ता बळकावली आणि १९६४ मध्ये कायदा करून स्वतःचा एक पक्ष वगळता बाकी सर्व पक्ष बरखास्त केले. ही पद्धत सरळसोट होती, आणि तिचा तोटाही तितकाच सरळ होता. विरोध व्यक्त करण्याचे एकही दार न उरल्यामुळे १९८८ मध्ये तो एकदम रस्त्यावर आला. लष्कराने गोळीबार करून तो उठाव मोडला, पण निवडणुकीचे आश्वासन द्यावे लागले. २७ मे १९९० रोजी झालेल्या मतदानात एनएलडीने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या, तेही पक्षाच्या नेत्या आँग सान स्यू की आदल्या जुलैपासून नजरकैदेत असताना. लष्कराच्या मर्जीतल्या पक्षाला एक पंचमांशाहून थोडी अधिक मते पडली, परंतु जागा मिळाल्या अवघ्या १०. दोन महिन्यांनी, २७ जुलै १९९० रोजी, लष्करी मंडळाने जाहीर केले की निवडून आलेल्या प्रतिनिधींचे काम केवळ नवी राज्यघटना तयार करण्याचे आहे. संसद भरलीच नाही. पुढची अनेक वर्षे सरकारी वृत्तपत्रांत अमुक गावच्या तमुक सदस्यांनी एनएलडीचा 'स्वेच्छेने' राजीनामा दिल्याच्या बातम्या छापून येत राहिल्या.

या पराभवातून लष्कराने दोन धडे घेतले असावेत, असे पुढील घटनाक्रम पाहून वाटते. पहिला असा, की निकाल लागल्यानंतर तो नाकारणे फार महाग पडते. निकाल कोणताही लागला तरी चालेल, अशी रचना आधीच करून ठेवली पाहिजे. दुसरा असा, की मतांचे रूपांतर जागांमध्ये ज्या सूत्राने होते, ते सूत्र स्वतःच एक शस्त्र आहे.

ही रचना २००८ च्या राज्यघटनेत आली. 'नर्गिस' चक्रीवादळाने इरावडीच्या त्रिभुज प्रदेशात हाहाकार उडवल्यानंतर आठवड्याभरातच, १० मे २००८ रोजी, तिच्यावर सार्वमत घेण्यात आले आणि ९२ टक्क्यांहून अधिक लोकांनी ती मान्य केल्याचे जाहीर झाले. या घटनेनुसार कनिष्ठ सभागृहात ४४० आणि वरिष्ठ सभागृहात २२४, असे एकूण ६६४ सदस्य असतात. प्रत्येक सभागृहातील एक चतुर्थांश जागांवर, म्हणजे अनुक्रमे ११० आणि ५६ जागांवर, सरसेनापती थेट सैनिकी अधिकाऱ्यांची नेमणूक करतात. हे १६६ जण हिरव्या गणवेशात एका गटाने बसतात आणि एका गटाने मत देतात. लोकांनी निवडून द्यायचे सदस्य उरतात ४९८.

आता घटनादुरुस्तीची अट पाहू. ती मंजूर होण्यासाठी ७५ टक्क्यांहून 'अधिक' सदस्यांचा पाठिंबा लागतो. ६६४ चे ७५ टक्के बरोबर ४९८ होतात. म्हणजे देशातील प्रत्येक मतदारसंघात एकच पक्ष निवडून आला, त्याचा एकही सदस्य आजारी पडला नाही, फुटला नाही आणि सर्वांनी एकमुखाने हात वर केले, तरी ती संख्या ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. 'अधिक' होत नाही. ४९९ वा हात गणवेशातलाच असावा लागतो. महत्त्वाच्या कलमांसाठी तर त्यानंतर सार्वमतही घ्यावे लागते, आणि त्यात झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण पात्र मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतांची अट आहे. 'किमान ७५ टक्के' असे लिहिले असते तर अशक्यप्राय का होईना, एक वाट राहिली असती. 'हून अधिक' या दोन शब्दांनी तीही बंद केली. कोणत्याही घटनेच्या मसुद्यात इतक्या थोडक्या शब्दांनी इतके मोठे काम केल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

घटनादुरुस्तीचे दार असे बंद झाले, तरी रोजच्या कारभाराचे काय? दोन्ही सभागृहे मिळून साधे बहुमत ३३३ चे. लष्कराच्या बाजूच्या पक्षाला तेथे पोहोचायला १६६ आयते मिळालेले असतात. त्याला निवडून आणायचे केवळ १६७, म्हणजे ४९८ पैकी साधारण ३३.५ टक्के. विरोधी पक्षाला मात्र सगळे ३३३ निवडूनच आणावे लागतात, म्हणजे जवळपास ६७ टक्के. एकाच शर्यतीत एकाला एक तृतीयांश आणि दुसऱ्याला दोन तृतीयांश अंतर धावायचे आहे. घटनेच्या शिल्पकारांच्या हिशेबाने ही तजवीज पुरेशी होती, कारण दोन तृतीयांश मते एका पक्षाला मिळणे कोणत्याही देशात दुर्मीळच असते.

तरीही २०१५ मध्ये एनएलडी सत्तेवर आला. तो कसा आला, हे समजून घेण्यासाठी मते आणि जागा यांतील फरकाकडे पाहावे लागेल, आणि या विषयातील मला सर्वांत मोहवणारा भाग हाच आहे. म्यानमारमध्ये आपल्यासारखीच पद्धत होती: प्रत्येक मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. या पद्धतीत आघाडी फुगून दिसते. दोन पक्षांच्या मतांचे जे गुणोत्तर असेल, त्याच्या साधारण घनाइतके त्यांच्या जागांचे गुणोत्तर होते, असा एक जुना ठोकताळा ब्रिटिश निवडणुकांच्या आकड्यांवरून मांडला गेला आहे. समजा मतांचे गुणोत्तर क आहे, तर जागांचे क गुणिले क गुणिले क. २०१५ मध्ये कनिष्ठ सभागृहासाठी एनएलडीला सुमारे ५७ टक्के आणि लष्कराच्या पाठिंब्यावरील यूएसडीपी या पक्षाला सुमारे २८ टक्के मते पडली. गुणोत्तर जवळपास २. दोनाचा घन ८. प्रत्यक्षात जागा मिळाल्या २५५ आणि ३०, म्हणजे गुणोत्तर ८.५. हा ठोकताळा म्हणजे निसर्गनियम नव्हे. मतदारांची भौगोलिक विभागणी बदलली की तो कोलमडतो, आणि म्यानमारच्या वांशिक पट्ट्यांत प्रादेशिक पक्ष प्रबळ असल्यामुळे तेथे तो ढोबळपणेच लागू पडतो. पण फुगवटा किती असतो याची कल्पना त्यातून येते. ५७ टक्के मतांच्या बळावर एनएलडीला दोन्ही सभागृहांत मिळून ३९० जागा मिळाल्या आणि ६७ टक्क्यांची उडी सहज पार झाली.

हीच मते प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने, म्हणजे जितकी टक्के मते तितक्याच टक्के जागा या न्यायाने मोजली असती तर? ४९८ चे ५७ टक्के म्हणजे साधारण २८४ जागा. ३३३ ला ४९ कमी. निर्विवाद बहुमताने जिंकलेला पक्ष प्रादेशिक पक्षांच्या दारात उभा राहिला असता. प्रमाणशीर पद्धत तत्त्वतः अधिक न्याय्य मानली जाते आणि मीही तशीच मानतो. परंतु चौथा हिस्सा आधीच राखून ठेवलेल्या सभागृहात तीच पद्धत वेगळे फळ देते. २०२१ मध्ये सत्ता बळकावल्यानंतर लष्कराने प्रमाणशीर पद्धतीचा आग्रह का धरला, हे यावरून ध्यानात येईल. प्रत्यक्षात २०२५ च्या मतदानात ती वरिष्ठ सभागृहात आणि प्रादेशिक विधिमंडळांत अंशतःच लागू झाली. एनएलडी रिंगणातच नसल्यामुळे कनिष्ठ सभागृहात तिची गरज उरली नसावी.

येथे एका लोकप्रिय कथेविषयी बोलणे आवश्यक वाटते. ब्रह्मी सेनानी ज्योतिषाच्या सल्ल्याने राज्य करतात, असे सर्रास सांगितले जाते. १९८७ मध्ये नऊने भाग जाणाऱ्या ४५ आणि ९० क्यातच्या नोटा काढण्यात आल्या, त्याच सुमारास जुन्या नोटा रद्द झाल्या आणि असंख्य कुटुंबांची साठवण एका रात्रीत मातीमोल झाली, हे खरे आहे. पण या कथांची चटक लागली की राज्यकर्ते वेडगळ वाटू लागतात आणि त्यांच्या यशाचे श्रेय ग्रहताऱ्यांना जाते. नऊ हा आकडा शुभ असल्याने कोणाची सत्ता टिकत नाही. ती टिकवणारे आकडे १६६ आणि ४९९ हे आहेत, आणि ते कोणा ज्योतिषाने काढलेले नाहीत.

दुसरे साधन नोंदणीचे. मतपत्रिकेवरील नाव, निवडणूक चिन्ह, कार्यालय, निधी या सर्व गोष्टी पक्षाला नोंदणीमुळे मिळतात. नोंदणी गेली की लाखो समर्थक असूनही कायद्यापुढे तेथे कोणीच नसते. मार्च २०१० च्या कायद्याने पक्षांना ६० दिवसांत फेरनोंदणी करण्यास सांगितले आणि शिक्षा भोगत असलेल्या सदस्यांना पक्षात ठेवण्यास मनाई केली. एनएलडीपुढे दोनच पर्याय उरले: आपल्याच नेत्यांना काढून टाकायचे किंवा पक्षच गमवायचा. पक्षाने नोंदणी नाकारली आणि तो बरखास्त ठरला. ते न पटलेला एक गट बाहेर पडला आणि त्याने वेगळा पक्ष काढला. कोणताही पर्याय निवडला तरी पक्ष दुभंगावा, असाच तो पेच होता. पुढे नियम शिथिल झाले आणि एनएलडी परतला, परंतु जानेवारी २०२३ च्या कायद्याने तोच पेच अधिक घट्ट आवळला. देशभर लढू इच्छिणाऱ्या पक्षाला ९० दिवसांत एक लाख सदस्य आणि १८० दिवसांत निम्म्या तालुक्यांत कार्यालये दाखवणे सक्तीचे झाले. पूर्वी एक हजार सदस्य पुरत असत. ज्या देशात एनएलडीचा कार्यकर्ता म्हणून नाव नोंदवणे हेच अटकेला आमंत्रण होते, तेथे एक लाख नावांची यादी लष्कराच्या हाती द्यायची होती. २८ मार्च २०२३ रोजी निवडणूक आयोगाने मुदतीत नोंदणी न केलेले ४० पक्ष बरखास्त झाल्याचे जाहीर केले. त्यात एनएलडी होता.

या यंत्रणेत न्यायालयांचे काम दोषी पुरवण्याचे. स्यू की यांच्यावरील पहिला आरोप घरात विनापरवाना आयात केलेले वॉकी-टॉकी सापडल्याचा होता. राष्ट्राध्यक्ष विन म्यिन्ट यांच्यावरचा, साथीच्या काळात प्रचाराच्या गाड्यांना अभिवादन केल्याचा. गुन्हा कितीही क्षुल्लक असो, शिक्षा झाली की उमेदवारी आणि पक्षसदस्यत्व दोन्ही जातात. एका अर्थी वॉकी-टॉकीचा खटला आणि नोंदणीचा कायदा ही एकाच यंत्राची दोन चाके आहेत.

हे सारे कागदावरच घडते, असे मात्र कोणी समजू नये. घटनेतील पळवाटा शोधून स्यू की यांच्यासाठी 'राज्य सल्लागार' या पदाची कल्पना मांडणारे विधिज्ञ को नी यांची २९ जानेवारी २०१७ रोजी यांगूनच्या विमानतळाबाहेर गोळी घालून हत्या झाली. एनएलडीचे माजी खासदार फ्यो झेया थॉ यांना जुलै २०२२ मध्ये फाशी देण्यात आली. मंडाले प्रांताचे मुख्यमंत्री झॉ म्यिन्ट माउंग १९९० मध्ये निवडून आल्यावर दीर्घकाळ तुरुंगात होते; २०२१ मध्ये ते पुन्हा पकडले गेले आणि सुटकेनंतर अल्पावधीतच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, आजाराने वारले. एनएलडीच्या राजवटीत रोहिंग्यांवर झालेल्या अत्याचारांबाबत त्या पक्षाने लष्कराची पाठराखण केली, हा त्याच्यावरचा डाग मी विसरलेलो नाही. पण त्याचा हिशेब मतदारांनी मागायचा होता.

उरते एकच कोडे: इतकी तजवीज असताना २०२१ मध्ये सत्ता उलथवण्याची गरज का पडली? कारण फुगवटा. २०२० मध्ये एनएलडीचा वाटा ८३ टक्क्यांवर गेला आणि यूएसडीपीकडे ३३ जागा उरल्या. १६७ चे साधे लक्ष्यही त्या पक्षाच्या आवाक्याबाहेर गेले. तेव्हा घटनेत ठेवलेली दुसरी किल्ली बाहेर आली. तीन राष्ट्राध्यक्षपद-उमेदवारांपैकी एक लष्करी सदस्यांनी सुचवलेला असतो आणि हरला तरी तो उपराष्ट्राध्यक्ष होतो. १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे राष्ट्राध्यक्षांना अटक झाली, लष्कराने सुचवलेले उपराष्ट्राध्यक्ष म्यिन्ट स्वे कार्यकारी राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यांनी कलम ४१७ व ४१८ चा आधार घेऊन सर्व अधिकार सरसेनापती मिन आँग हलाइंग यांच्याकडे सोपवले.

नवी संसद त्याच दिवशी भरणार होती. शपथविधीसाठी राजधानी नेपिडोला आलेले खासदार सरकारी अतिथिगृहात उतरले होते आणि बाहेर सैनिकांचा पहारा होता. ४ फेब्रुवारीला त्यांच्यापैकी सुमारे ७० जणांनी त्या अतिथिगृहाच्या आवारातच एकत्र जमून खासदारकीची शपथ घेतली.