नॅनीचं सर्टिफिकेट: हे सगळे कागद आले कुठून

पणजी, म्हापसा, मडगाव, कुठंही बघा, मूल सांभाळायला बाई शोधणारे आईबाप एजन्सीवाल्याला पहिलं विचारतात ते "ट्रेन्ड आहे का, म्हणजे ट्रेनिंग झालंय का?" आणि तो लगेच व्हॉट्सअॅपवर कसल्यातरी सर्टिफिकेटचा फोटो टाकतो. एनटीटी (नर्सरी टीचर ट्रेनिंग), ईसीसीई (लहान मुलांचं संगोपन आणि शिक्षण) डिप्लोमा, चाइल्ड केअरटेकर, जापा म्हणजे बाळंतिणीची आणि नवजात बाळाची काळजी घ्यायचं ट्रेनिंग, फर्स्ट एड, कधी नुसतंच सोनेरी किनारीचं "बेबी केअर कोर्स". यातला प्रत्येक कागद वेगळ्या काळात, वेगळ्या खात्याच्या गरजेतून निघालाय आणि दहा महिन्यांचं बाळ दिवसाचे नऊ तास परक्या घरात एकटीनं सांभाळणारी बाई डोळ्यांसमोर ठेवून केलेला कागद यात जवळजवळ नाहीच.

जुनं पटकन उरकते. आपल्याकडे बाळंतपणाला वैजीण, मग काही महिने बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई, बाकी आजी, आत्या, शेजारीण. गोव्यातल्या बायका आया म्हणून मुंबईला गेल्या, पुढे कुवेतला आणि बाकी आखातात गेल्या, त्यांची पात्रता काय तर मागच्या मालकिणीनं लिहून दिलेली चिठ्ठी. आखातात घरकामाला जायचं असेल तर आजही दहावी न झालेल्या बाईला आपलं सरकार विचारतं ते वय, तीस पूर्ण पाहिजे. मुलांबद्दल तिला काय येतं हे त्या नियमात कुठं नाही.

शिकवण्याची वाट वेगळी होती. १९२० च्या दशकापासून गुजरात-महाराष्ट्रात बालशिक्षणाची चळवळ, १९३९ पासून मद्रासला मॉन्टेसरी ट्रेनिंग, मग बालवाड्या, हे सगळ्यांना माहीत आहे. इथं महत्त्वाचं एवढंच की तो सगळा विचार चालतं-बोलतं झालेल्या, घरातून दुसऱ्या जागी येऊन बसू शकणाऱ्या मुलाचा होता. एनटीटी त्याच घराण्यातलं, म्हणजे नर्सरीची टीचर. २०१४ च्या नियमांत पूर्वप्राथमिकसाठी बारावीनंतर दोन वर्षांचा डिप्लोमा अशी अधिकृत चौकट आली तरी गल्लीबोळातल्या इन्स्टिट्यूटची सहा महिन्यांची, वर्षाची एनटीटी चालूच राहिली. नॅनीची मुलाखत घेताना जो कागद सगळ्यात जास्त वेळा पुढे येतो तो हाच आणि बाळाची बाटली कशी उकळायची याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

सांभाळण्याची वाट कारखान्यातून आली. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर होतंच, पुढे १९७६ साली तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर ते पाहिजेच असं झालं. १९७५ ला अंगणवाडी आली, ती कागदावर शून्य ते सहा वयाची, पण तीनच्या आतल्या मुलांच्या वाट्याला मुख्यतः वजन, लस आणि घरी न्यायचा आहार आला, केंद्रात येऊन बसतात ती तीन ते सहाची. मग २०१७. मॅटर्निटी रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कंपन्या, बँका, हॉटेलं यांना हे लागू झालं, पण पाळणाघर प्रत्यक्षात किती ठिकाणी उघडलं हे नोकरी करणाऱ्या आयांनाच विचारा. रजा मात्र मिळते, आणि ती संपते तेव्हा बाळ जेमतेम पाच-सहा महिन्यांचं असतं. फोंड्याहून वेर्ण्याला जाणारी किंवा मोपा विमानतळावर शिफ्टमध्ये काम करणारी बाई नॅनी शोधायला लागते ती नेमकी तेव्हा.

त्याच्या थोडं आधी कौशल्याची लाट आली. २०१३ च्या डिसेंबरात प्रत्येक कामाला लेव्हल देणारी राष्ट्रीय चौकट जाहीर झाली, २०१५ ला केंद्राची कौशल्य योजना सुरू झाली आणि घरकामाच्या यादीत "चाइल्ड केअरटेकर, नॉन-क्लिनिकल" असं काम पहिल्यांदा नावानिशी आलं. माझ्या मते घरात मूल सांभाळणाऱ्या बाईच्या सगळ्यात जवळ जाणारा कागद हाच. नॉन-क्लिनिकल म्हणजे हॉस्पिटलचं काम यात नाही, तरी एजन्सीवाले हॉस्पिटलातल्या जीडीएचा, म्हणजे रुग्णांच्या मदतनिसाचा कोर्स केलेल्या मुलीला "बेबी नर्स" म्हणून पाठवतात आणि चाइल्ड केअरटेकर झालेलीला "बाई" म्हणून, पगार अर्थातच पहिलीला जास्त. शिवाय याच योजनेत अनुभवी लोकांसाठी आरपीएल होतं, म्हणजे आधीपासून काम येतंय तर थोडंसं ओरिएंटेशन, एक परीक्षा, हातात सर्टिफिकेट. वीस वर्षं मुलं वाढवलेल्या बाईला पुन्हा वर्गात कशाला बसवायचं हे बरोबरच आहे. पण कुठला कागद पूर्ण कोर्सचा आणि कुठला आरपीएलचा हे बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही, आणि व्हॉट्सअॅपवरच्या फोटोत बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

आता खरा गुंता, २०२० चं शैक्षणिक धोरण. त्यानं तीन ते आठ हा एक टप्पा केला, बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. त्यासाठी अंगणवाडी सेविकांना शिकवायचं ठरलं ते असं की बारावी किंवा जास्त शिकलेली असेल तिला सहा महिन्यांचं सर्टिफिकेट आणि त्यापेक्षा कमी शिकलेली असेल तिला एक वर्षाचा डिप्लोमा, मोबाइल, डीटीएच वगैरे वापरून. आतल्या हिशेबानं ठीक आहे, कमी शिकलेलीला जास्त वेळ द्यायचा. बाहेर मात्र उलटा अर्थ लागतो, कारण आपल्याकडे डिप्लोमा म्हटला की तो सर्टिफिकेटपेक्षा मोठाच, त्यात मुक्त विद्यापीठाचा बारावीनंतरचा बालसंगोपनाचा डिप्लोमा हा तिसराच प्रकार आहे, त्याला निदान शून्य ते सहा पूर्ण वय आहे. तीन कागद, नावं एकसारखी, पात्रता तीन तऱ्हेच्या.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तीन वर्षांवर मारलेली रेघ. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते असं हेच धोरण सांगतं, आणि तरी शिक्षण म्हणून धरलं ते तीनच्या पुढचं. रेघेच्या बाजूनं बोलणारे म्हणतात तीनच्या आतलं मूल घराचं असतं, त्याचा अभ्यासक्रम सरकारनं कशाला लिहायचा, आणि पैसा आणायचा कुठून. विरोधात बोलणारे, त्यात बऱ्याचशा अंगणवाड्यांत आयुष्य काढलेल्या बायका, त्या म्हणतात जे अभ्यासक्रमात नाही त्याला पगारात किंमत मिळत नाही, शू-शी काढणारी ती मदतनीस आणि अआइई शिकवणारी ती शिक्षिका हा भेद त्या रेघेनं पक्का केला. मला विचाराल तर रेघ मुलांच्या वाढीपेक्षा खात्यांच्या सोयीनं पडली, तीनच्या आतलं महिला-बालविकासकडे आणि शाळेला जोडलेलं शिक्षणकडे. माझ्या बाजूच्या नसलेल्यांनाही हे कबूल करायला हरकत नसावी की घरातल्या नॅनीचा या वादात कुणी उल्लेखही केला नाही, दोन्ही बाजूंनी.

गोव्यात हा तीन ते आठचा पायाभूत टप्पा २०२३-२४ ला सुरू झाला. माझ्या बघण्यातल्या डिचोली-साखळीकडच्या मुलींनी त्या सुमारास ईसीसीईचे कोर्स केले ते शाळेतल्या नोकरीसाठीच, शाळेत नाही मिळाली म्हणून घरात मूल सांभाळायला लागल्या. त्यांचा कागद खरा आहे, शिकल्यात त्याही मनापासून, फक्त ते शिक्षण चार वर्षांच्या मुलाचं आहे.

याच २०२३ मध्ये लेव्हलचीही नवी मांडणी झाली, दहाऐवजी आठ पायऱ्या, मध्ये अर्ध्या पायऱ्या, दहावी म्हणजे ३ आणि बारावी म्हणजे ४. इंग्लंडला जाऊन आलेल्या घरांतून मग "लेव्हल थ्री आहे का" असं विचारलं जातं, पण तिथली ३ ही आपल्या बारावीच्या जवळची. आणि गंमत म्हणजे तिथंही घरात ठेवलेल्या नॅनीला कायद्यानं डिग्री लागत नाही.

तीनच्या आतल्या मुलांसाठी केंद्राची स्वतंत्र चौकट आली ती थेट २०२४ ला, नवचेतना नावाची, महिन्यामहिन्याला बाळाशी काय खेळायचं, काय बोलायचं असं सगळं त्यात आहे. चांगली आहे, मी वाचली. ट्रेनिंग अर्थातच अंगणवाडी सेविकांना. घरकामगारांसाठी वेगळा कायदा हवा का हे तपासायला समिती नेमा असं २०२५ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं केंद्राला सांगितलं, त्यात सगळा भर पगार, छळ, एजन्सीची लूट यावर होता आणि तो तसाच असायला हवा होता, शिक्षणाचा विषय तिथंही नव्हता.

एजन्सीवाले हल्ली शिक्षणाच्याच ओळीत "पोलिस व्हेरिफाइड" लिहितात. त्या तपासणीत बाई सांगते तीच आहे का, पत्ता खरा का, नावावर गुन्हा आहे का एवढं बघतात. घरकामाला चौदाच्या आतलं मूल ठेवायला २००६ पासून देशभर बंदी आहे, म्हणून वयाचा पुरावाही त्याच गठ्ठ्यात मागतात. बाळाच्या घशात काही अडकलं तर ती काय करेल हे यातल्या फर्स्ट एडच्या कागदावरून थोडंफार कळतं, तोही किती जुना आहे ते बघून.