काळं चिलखत, करड्या कडा: पार्श्वभूमी

छोट्या रंगवलेल्या आकृत्यांनी (मिनिएचरनी) खेळायच्या वॉरहॅमर या युद्धखेळाच्या टेबलावर काळ्या चिलखताच्या फौजा आज इतक्या दिसतात की हा रंग पहिल्यापासूनच लोकांच्या हातात बसलेला होता, असं नव्या माणसाला वाटावं. तसं नव्हतं. लाल किंवा निळ्या चिलखताला गडद करायलाही वाव असतो आणि उजळायलाही. काळ्याच्या खाली जागाच नाही. सावली बेसकोटमध्येच, म्हणजे रंगाच्या पहिल्या थरातच, संपलेली असते, त्यामुळे जे करायचं ते उजळूनच, आणि जरा जास्त उजळलं की काळं करडं होऊन बसतं. आजवर निघालेल्या सगळ्या पद्धती या एका पेचातून वाट काढायला निघाल्या.

खऱ्या चिलखताचं आधी सांगून टाकतो. सोळाव्या शतकात जर्मन प्रदेशांत हातोड्याखालून निघालेला पत्रा चकचकीत न घासता काळाच ठेवायची किंवा काळा रंगवायची रीत होती. गंज कमी धरायचा आणि पॉलिशची मजुरी वाचायची. त्यातल्या बऱ्याच चिलखतांवर कडा आणि पट्टे तेवढे घासून पांढरे ठेवत. काळ्या पत्र्याला उजळ कड, हे दृश्य असं जुनं आहे. मिनिएचरवर ते याच वाटेने आलं असं मात्र मला वाटत नाही. तिथली कारणं रंगाच्या डबीत आहेत.

लंडनमध्ये १८९३ पासून पोकळ शिशाचे खेळण्यातले सैनिक बनू लागले. त्यांना चकचकीत इनॅमल लावत. काळा बूट काळाच रंगवला तरी चालायचं, कारण खोलीतला दिवा त्यावर चमकायचा आणि हायलाइट फुकटात मिळायचा. पुढे मॅट रंग आले आणि ही चमक गेली. आता उजेड ब्रशनेच काढावा लागणार होता. १९७०-८० च्या दशकांत रणगाडे आणि लष्करी आकृत्या बनवणाऱ्या मंडळींनी वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) आणि ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर घासायचा उजळ रंग) यांची जोडी रूढ केली. मॉडेल जितकं लहान तितका शुद्ध काळा खोटा दिसतो, म्हणून टायरसुद्धा गडद करड्याने रंगवावेत, हा धडाही त्यांचाच. फँटसी मिनिएचरवाल्यांनी ड्रायब्रश लगेच उचलला, टायरचा धडा बराच उशिरा.

१९८७ मध्ये नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा वॉरहॅमर ४०,००० हा खेळ आला, पण काळ्याचे दिवस आले ते १९९८ ला, तिसऱ्या आवृत्तीबरोबर. खोक्यावरच्या चित्रात ब्लॅक टेम्पलर या फौजेचे शिपाई होते: काळं चिलखत, पांढरे खांदे, त्यावर काळा क्रूस. २००० मध्ये त्यांचे स्वतंत्र नियम आले आणि काळी फौज रंगवणं हा अनेकांच्या दृष्टीने सोपा मार्ग ठरला. केऑस ब्लॅक या काळ्या रंगाचा स्प्रे मारला की निम्मं काम झालं, ब्रश पोचला नाही ती जागा आपोआप सावली. राहिलं फक्त कडांवर कोडेक्स ग्रे हा करडा आणि टोकांना फोर्ट्रेस ग्रे हा त्याहून फिकट. हे ‘फक्त’ किती महाग पडतं ते दहा शिपायांची पहिली तुकडी रंगवताना कळायचं. लाल चिलखतावर रेघ जराशी जाड गेली तर कुणी बघत नाही. काळ्यावर करडी रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तरी हातभरावरून दिसते.

वाद पेटला आणि अजून धुमसतोय तो या कडांवरूनच. कंपनीच्या स्टुडिओने जी शैली घट्ट केली तिच्यात झाडून सगळ्या कडा उजळायच्या, मग ती कड वर बघणारी असो की जमिनीकडे. गुडघ्याची वाटी घ्या. उजेड वरून येतो म्हटलं तर वाटीची वरची कड उजळ आणि खालची जवळजवळ काळीच राहायला हवी. स्टुडिओच्या मिनिएचरवर करडी रेघ वाटीला पूर्ण फेरी मारून येते. प्रकाशाच्या हिशेबाने हे चूकच आहे. बाजू घेणारे म्हणतात, हा प्रकाश नव्हेच, ही आकाराची बाह्यरेषा आहे. अठ्ठावीस मिलिमीटरची आकृती पुस्तकातल्या फोटोत आणि टेबलाच्या पलीकडून ओळखू यायला हवी, आणि काळ्या फौजेत तर खांदा कुठे संपतो नि छाती कुठे सुरू होते हे त्या रेघेवाचून कळतच नाही. या युक्तिवादात दम आहे. पण तो काळ्यापुरता खरा आहे. पिवळ्या-लाल चिलखतांवरही तीच फेरी मारायची सवय लागली, ती मला निव्वळ अनुकरण वाटते.

स्पर्धेत उतरणारे लोक दुसऱ्या टोकाला गेले. त्यांचं म्हणणं, काळ्या वस्तूचा पोत तिच्या रंगावरून नाही, उजेडाच्या डागाच्या आकारावरून कळतो. काळं कापड असेल तर उजेड पसरट आणि मंद, घडीवर सावकाश विरत जाणारा. काळा लाखेचा पत्रा असेल तर शिरस्त्राणाच्या घुमटावर नखाएवढाही नाही असा एकच डाग, जवळजवळ पांढरा, आणि त्याला लागूनच एकदम काळोख. या पद्धतीत कडांना थोडंच काम उरतं आणि बहुतेक पृष्ठभाग काळाच राहतो. दिसायला हेच सरस, यात मला शंका नाही. पण एका शिपायाला अख्खी संध्याकाळ जाते, म्हणून फौजा आजही रेघांवरच उभ्या राहतात.

करडा कोणता, हे भांडण त्यामानाने लहान, पण २०१२ मध्ये ते उगाच गुंतागुंतीचं झालं. त्या वर्षी कंपनीने आपल्या रंगांची पूर्ण मालिका बदलली. केऑस ब्लॅकचा अबॅडन ब्लॅक झाला, कोडेक्स ग्रेचा डॉनस्टोन, फोर्ट्रेस ग्रेचा अ‍ॅडमिनिस्ट्रॅटम ग्रे, आणि काळ्या रंगकामाचा आधार असलेला बॅडॅब ब्लॅक वॉश नल्न ऑइल म्हणून आला. जुन्या कृती रातोरात कोड्यात गेल्या. तक्ता शेजारी ठेवल्याशिवाय वाचता येईनात. त्याच मालिकेत डार्क रीपर आला, निळसर झाक असलेला गडद करडा. त्यामुळे शुद्ध करड्याऐवजी थंड निळसर कडा काढणं नवख्यालाही जमू लागलं. आधी त्यासाठी काळ्यात निळा मिसळत बसावं लागे. शुद्ध करड्याने काळं धुळकट दिसतं आणि निळसर करड्याने पोलादी, एवढा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. कडा भडक झाल्या की वरून पातळ नल्न ऑइल फिरवून त्या खाली बसवायची युक्तीही याच काळात सगळीकडे गेली.

मग साच्यांनी बाजू बदलली. जुन्या शिशाच्या आकृत्यांच्या कडा गोलसर, ब्रश घसरायचा. संगणकावर घडवलेल्या प्लास्टिकच्या कडा धारदार निघाल्या, आणि २०१७ च्या प्रायमारिस नावाच्या नव्या, मोठ्या शिपायांवर तर ब्रशची कूस आडवी टेकवून ओढली की रेघ आपली आपण बसते. कडांची शैली टिकली यात या साच्यांचा वाटा स्टुडिओइतकाच आहे.

२०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट रंग आले आणि त्यातल्या काळ्याला थेट ब्लॅक टेम्पलर हेच नाव मिळालं. फिकट प्रायमरवर, म्हणजे आधी मारलेल्या अस्तरावर, तो एक हात मारला की खाचांत काळा साठतो आणि उंचवट्यांवर गडद करडा उरतो. म्हणजे काळ्यावर उजेड चढवण्याऐवजी उजेडावर काळं ओतायचं. सपाट, रुंद पत्र्यावर त्याचे डाग पडतात, म्हणून खांदे आणि पायांवर लोक तो टाळतात; पाइप, पट्टे, बंदुकीच्या मुठी यांना मात्र उत्तम. २०२१ मध्ये टेम्पलरांच्या नव्या आकृत्या आल्या, त्यांच्या अंगावर झगे, साखळ्या, मोहर लावलेले कागद इतके की कडा काढायला चिलखत कमी आणि रंगवायला पांढरं कापड जास्त. आता काळं कसं उजळावं यापेक्षा हे कापड मळकट न करता पांढरं कसं ठेवावं, यावरच जास्त बोललं जातं.