आपल्या जागेत आकाशातून वस्तू पडल्यास: कळवायचे कोणाला, अर्ज कसा करायचा, कागदपत्रे कोणती

गच्चीवर, शेतात किंवा सोसायटीच्या आवारात आकाशातून एखादी वस्तू येऊन पडली की तिच्यावर आपला हक्क किती, हा प्रश्न बहुतेकांना आधी सुचतो. वास्तविक ती वस्तू आहे तिथे आणि आहे तशी राहील कशी, हे आधी पाहायला हवे. पुढची सारी प्रक्रिया पंचनाम्यावर उभी राहते, आणि वस्तू उचलून दिवाणखान्यात आणून ठेवल्यानंतर केलेल्या पंचनाम्याला फारसा अर्थ उरत नाही.

खबर प्रथम ११२ या क्रमांकावर किंवा हद्दीतील पोलीस ठाण्यात द्यावी. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण ही तीन स्वतंत्र पोलीस दले असल्यामुळे हिंजवडीच्या रहिवाशाने शिवाजीनगरला खेटे घालण्यात अर्थ नाही. गावात पोलीस पाटील व तलाठी यांना सांगावे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. खबर देण्यासाठी जागेची मालकी लागत नाही. भाडेकरू, वाटेकरी, सोसायटीचा रखवालदार, ज्याच्या नजरेस वस्तू पडली तो कोणीही कळवू शकतो.

लेखी अर्ज साध्या कागदावर, पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे करून त्याची प्रत तहसीलदार व जिल्हाधिकारी कार्यालयास द्यावी. त्यात वस्तू पडल्याची किंवा दिसल्याची तारीख व वेळ, जागेचा सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, आवाज वा उजेड जाणवला असल्यास त्याची दिशा, वस्तूचे वर्णन आणि तिला कोणी हात लावला असल्यास त्याचा स्पष्ट उल्लेख असावा. हा शेवटचा तपशील लोक संकोचाने गाळतात आणि नंतर तोच अडचणीचा ठरतो. सोबत ओळखपत्राची प्रत आणि जागेचा पुरावा जोडावा: शेतजमीन असल्यास सातबारा, शहरात मिळकत पत्रिका किंवा मिळकतकराची पावती, भाडेकरूसाठी भाडेकरार, आणि सामाईक गच्ची असेल तर सोसायटीचे पत्र. छायाचित्रे काढताना वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवावी. ती नसेल तर नाणे चालते, मात्र ते वस्तूला टेकवू नये. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.

वस्तू कोणती, यावर पुढचा रस्ता ठरतो. नारळाच्या झावळ्यांत दोरीला लोंबकळणारी पांढरी हलकी डबी आणि तिच्यासोबत फाटलेल्या रबरी फुग्याच्या चिंध्या दिसल्या, तर ते बहुधा हवामान खात्याचे वातावरणमापक उपकरण असते. त्यापासून भिण्याचे कारण नाही. पुणेकर ज्याला आजही सिमला ऑफिस म्हणतात त्या शिवाजीनगरच्या कार्यालयास कळवावे. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडते ते प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे मात्र वेगळे. त्यांच्यासोबतची उपकरणे रंगीत हवाई छत्रीने उतरतात, काहींमध्ये उच्च दाबाची वीज असते. त्यांवर पत्ता लिहिलेला असतो, आणि न उघडता कळवणाऱ्यास संस्था योग्य बक्षीस व खर्च देते. छेडछाड झाल्यास बक्षीस मिळत नाही. सोलापूरकडील प्रशासन याबाबत आवाहन करत असते. इंदापूरच्या शेतकऱ्यांनीही ते ध्यानात ठेवावे.

दगड असेल, तर तो अशनी, म्हणजे अवकाशातून आलेला दगड, आहे की नाही हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ठरवते. देशात पडणाऱ्या अशनींची अभिरक्षक हीच संस्था असून तिचे मध्य विभागाचे मुख्यालय नागपुरात आहे. ताज्या अशनीवर काळी, पातळ कवची असते, कधी कणकेवर अंगठा दाबल्यासारखे खळगे असतात, आणि आकाराच्या मानाने तो जड लागतो. पुणे काळ्या कातळावर वसलेले असल्यामुळे इथे फसगत सोपी आहे. या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्येही, चुंबकाकडे ओढली जाणारी खनिजे असतात, आणि भट्टीतला स्लॅग, म्हणजे धातू गाळल्यावर उरणारा मळ, तर अशनीपेक्षाही अशनीसारखा दिसतो. मात्र आतून बुडबुड्यांची जाळी दिसली की आशा सोडावी. चुंबक लावून पाहण्याचा मोह टाळावा, कारण दगडातील मूळ चुंबकीय नोंद त्याने पुसली जाते. पाण्याने धुणेही टाळावे. नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात २२ मे २०१२ रोजी खरोखरीच अशनी पडले होते, त्यामुळे प्रत्येक अर्ज हसण्यावारी नेला जातो असे समजू नये.

धातूचा गोळा, टाकी किंवा कडे असेल तर जवळ जाऊच नये, मुलांनाही दूर ठेवावे. अशा टाक्यांत हायड्रॅझिनसारखे विषारी इंधन उरलेले असू शकते. एप्रिल २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे पडले, तेव्हा पोलिसांनी ते ताब्यात घेतले आणि इस्रोचे पथक पाहणीस आले. अशी वस्तू सापडणाऱ्याची होत नाही. १९६७ च्या अवकाश करारानुसार तिची मालकी ती अवकाशात सोडणाऱ्याकडेच राहते आणि १९६८ च्या करारानुसार मागणी झाल्यास ती परत करावी लागते. पुष्कळदा पुढे केला जाणारा १८७८ चा गुप्तधनाचा कायदा इथे गैरलागू आहे, कारण तो जमिनीत दडलेल्या धनापुरता आहे.

नुकसान झाले असेल, तर १९७२ च्या दायित्व करारानुसार जमिनीवरील हानीसाठी वस्तू सोडणाऱ्या दुसऱ्या देशाचे उत्तरदायित्व पूर्ण असते, चूक सिद्ध करावी लागत नाही. परंतु या करारान्वये दावा केंद्र सरकार राजनैतिक मार्गाने करते, नागरिक थेट करत नाही, आणि त्यास साधारणतः एका वर्षाची मुदत आहे. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडील अर्जात नुकसानीचा तपशील व दुरुस्तीचे अंदाजपत्रक पहिल्याच वेळी द्यावे. वस्तू भारतानेच सोडलेली असेल तर भारतीय नागरिकाला हा करार लागू होत नाही. कॅनडाने १९७८ मध्ये कोसळलेल्या सोव्हिएत कॉसमॉस ९५४ उपग्रहासाठी सुमारे ६० लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली, यावरून वेळ आणि रक्कम दोन्हींचा अंदाज यावा. सामान्य घरमालकासाठी घरविमा हाच जवळचा मार्ग आहे. भारत गृह रक्षा पॉलिसीत बाहेरील वस्तूच्या आघाताने होणारे नुकसान समाविष्ट असते. विमा कंपनीला पंचनाम्याची प्रत द्यावी, आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत फुटलेली कौले किंवा वाकलेला पत्रा भंगारवाल्याला देऊ नये.