टॅपेटच्या आवाजामागची शंभर वर्षं

ओव्हरहॉल करून आणलेलं इंजिन सुरू केलं आणि हेडमधून टकटक ऐकू आली, की मालकाचा हुकूम ठरलेला: टॅपेट टाइट करा. या हुकुमापायी कितीतरी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाले आहेत. टॅपेट म्हणजे कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्याचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा भाग. या जोडणीतली बारीक फट, जिच्यामुळे टकटक होते, ती मुद्दाम ठेवलेली असते. तापल्यावर व्हॉल्व्हचा दांडा लांबतो. त्याला जागा नसेल तर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि कडा जळून जाते.

आवाज नको म्हणून धडपड मात्र फार जुनी आहे. अमेरिकेतल्या चार्ल्स नाइटला व्हॉल्व्हची खडखड इतकी खटकली, की त्याने असे व्हॉल्व्हच वगळून पिस्टनभोवती सरकणाऱ्या स्लीव्हचं इंजिन केलं. इंग्लंडच्या डेमलर कंपनीने १९०९ च्या सुमारास ते उचललं. इंजिन खरोखर शांत होतं, पण तेल फार प्यायचं. पुढे १९३० मध्ये कॅडिलॅकच्या १६ सिलिंडरच्या इंजिनात तेलाच्या दाबावर फट आपोआप भरून काढणारी रचना आली. तेव्हापासून निदानाच्या वाटा दोन झाल्या. अशी फट आपोआप भरणारा, म्हणजे हायड्रॉलिक, टॅपेट थंड इंजिनात सुरुवातीचे काही सेकंद वाजला तर काळजी नाही, कारण उभ्या गाडीत त्यातलं तेल उतरतं. वाजतच राहिला, तर आत हवा किंवा कचरा आहे का, तेलाचा दाब पुरतो का, हे बघावं लागतं.

आपल्याकडे फीलर गेजचं, म्हणजे पातळ पात्यांनी फट मोजून ती हाताने जुळवण्याचं, राज्य खूप टिकलं. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी गाडीत फियाट ११०० चंच इंजिन होतं, रॉकरवर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेवर, फट जुळवायचा स्क्रू आणि तो घट्ट धरणारा चेकनट असलेलं. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा नियम आजही मेकॅनिकच्या बोटांत आहे: इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, पुशरॉड (टॅपेटपासून रॉकरपर्यंतचा दांडा) बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. बुलेटच्या घराण्यात हायड्रॉलिक टॅपेट फार उशिरा आले.

नव्याने बांधलेल्या इंजिनात गोंधळ होतो तो यामुळे, की कामातच मापं बदललेली असतात. सीट कापली की व्हॉल्व्ह खोल बसतो, दांडा वर येतो आणि फट घटते. म्हणून जुन्या सेटिंगवर विसंबून चालत नाही. आधी आवाजाचा ताल ऐकावा. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे टॅपेटचा ठोका दोन फेऱ्यांत एकदाच पडतो. आयडलवर रॉकरखाली फीलर गेजचं पातं सरकवल्यावर आवाज दबला, तर गुन्हेगार सापडला.

शेवटचा धागा तेलाचा. तेलात मिसळलेलं झेडडीडीपी हे झिंकयुक्त रसायन कॅम आणि टॅपेटची झीज रोखतं, पण त्यातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवतो. म्हणून २००४ च्या एपीआय एसएम या अमेरिकी इंजिन-तेल दर्जात पातळ ग्रेडच्या तेलांत फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आली. चपट्या टॅपेटच्या जुन्या इंजिनात नवा कॅम बसवला असेल तर झेडडीडीपीची ही घट जाणवते. म्हणूनच अशा इंजिनाला जादा झिंकचं तेल घालून पहिली २० मिनिटं आयडलवर न ठेवता सुमारे २००० आरपीएमच्या वर चालवतात. एवढं करूनही एकाच व्हॉल्व्हची फट सेट केल्यावर पुन्हा पुन्हा वाढत असेल, तर स्क्रू पिळणं थांबवून ऑइल फिल्टर कापावा आणि त्याच्या कागदाच्या घड्यांत लोखंडाचा चुरा आहे का ते पाहावं. असेल तर कॅमचा लोब (टॅपेटला ढकलणारा उंचवटा) झिजतोय आणि इंजिन पुन्हा उघडावंच लागेल.