पाठमोऱ्या उडीचं मर्म

20 ऑक्टोबर 1968, मेक्सिको सिटी ऑलिम्पिक. पुरुषांच्या उंच उडीची अंतिम फेरी. दांडी 2.24 मीटरवर, आणि डिक फॉस्बरीचे दोन प्रयत्न वाया गेलेले. त्याआधीची प्रत्येक उंची या एकवीस वर्षांच्या अमेरिकन पोराने पहिल्याच फटक्यात पार केली होती. तिसऱ्या वेळी तो धावत आला, शेवटच्या काही पावलांत वळला, दांडीकडे चक्क पाठ केली आणि डोकं आधी, मग पाठ, मग पाय असा पलीकडे गेला. दांडी जागची हलली नाही. सुवर्णपदक आणि नवा ऑलिम्पिक विक्रम. त्याचाच देशबंधू एड कॅरुथर्स 2.22 मीटरवर थांबला.

त्या मैदानावरचे बाकीचे खेळाडू पोटाकडची बाजू खाली ठेवून दांडीवरून लोळण घेत जायचे. त्या पद्धतीला स्ट्रॅडल म्हणतात. फॉस्बरीला शाळेत असताना ती काही केल्या जमेना. जुन्या कात्री पद्धतीने, म्हणजे एकामागून एक पाय दांडीवरून टाकत, उड्या मारता मारता तो कंबर वर उचलायला लागला, मग हळूहळू मागे रेलायला लागला, आणि दोनेक वर्षांत पूर्ण पाठमोरा झाला.

या उडीचं स्पष्टीकरण देताना बहुतेक ठिकाणी गुरुत्वमध्याची गोष्ट सांगतात. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. घरातला विळा घ्या. त्याचा सारा भार जिथे एकवटला आहे असं मानता येतं तो बिंदू, म्हणजेच गुरुत्वमध्य, पात्यावर सापडत नाही, तो वळणाच्या आतल्या रिकाम्या जागेत असतो. माणसाने पाठीची कमान केली की तेच होतं. डोकं आणि पाय खाली लोंबतात, कंबर वर राहते आणि गुरुत्वमध्य शरीराच्या खाली सरकतो. म्हणजे गणिताने पाहिलं तर अख्खं शरीर दांडीवरून जाईल आणि गुरुत्वमध्य दांडीखालूनच निघून जाईल. प्रत्यक्षात मात्र अव्वल खेळाडूंचासुद्धा गुरुत्वमध्य बहुधा दांडीच्या जवळपास किंवा जरा वरच असतो. कात्री मारताना तो बराच वर न्यावा लागतो, तेवढी बचत नक्की होते. पण चांगल्या स्ट्रॅडलमध्येही ती जवळजवळ तेवढीच होते. 1972 साली म्युनिकला 40 पैकी 28 जण फॉस्बरीसारखे उडत होते, तरी सोनं नेलं ते सोव्हिएत संघाच्या युरी टार्माकने, स्ट्रॅडल मारून. 1978 मध्ये व्लादिमीर याश्चेंकोने 2.34 मीटरचा जागतिक विक्रम केला, तोही स्ट्रॅडलनेच. नुसत्या कमानीवर सगळं ठरत असतं, तर हे घडलं नसतं.

मला वाटतं, या उडीचं खरं मर्म जमिनीवर आहे, धावण्याच्या वळणात.

थोडा हिशेब करू. फॉस्बरीची उंची 1.93 मीटर. टाच उचललेली, हात वर, एक गुडघा वर, अशा स्थितीत जमीन सोडताना एवढ्या उंच माणसाचा गुरुत्वमध्य साधारण 1.35 मीटरवर असतो. तो 2.24 च्या आसपास न्यायचा तर आणखी 90 सेंटिमीटर हवेत. त्यासाठी जमीन सुटताना वर जाण्याचा वेग सेकंदाला सव्वाचार मीटरच्या घरात लागतो. हा वेग मिळवायला वेळ किती? शेवटचा पाय टेकल्यापासून उचलेपर्यंत सेकंदाचा जेमतेम पाचवा-सहावा भाग. नुसत्या मांडीच्या जोरावर एवढ्या वेळात हे होत नाही. मोठ्या स्पर्धेतला खेळाडू सेकंदाला सात-साडेसात मीटर वेगाने येतो आणि दांडीपासून दूरचा पाय शरीराच्या पुढे, जवळजवळ ताठ रोवतो. त्या पायावरून शरीर काठीसारखं वर फिरतं आणि आडव्या वेगाचा काही भाग उभ्या वेगात बदलतो.

आता वळण. सायकल वळवताना आपण आत झुकतो, तसा वळणावर धावणारा खेळाडू दांडीपासून दूर, आतल्या बाजूला झुकतो. झुकल्यामुळे गुडघे फार न वाकवता, वेग न गमावता गुरुत्वमध्य खाली येतो. पाय रोवला की हे कललेलं शरीर उभं व्हायला लागतं, आणि त्याच ओघात दांडीच्या दिशेने कलंडत राहतं. हवेत गेल्यावर गिरकी घेता येत नाही, ती जमिनीवरूनच घेऊन जावी लागते. वळणावर धावल्याने ती आपसूक मिळते. कधी चित्रफीत हळू करून पाहिलीत तर कमानीकडे जरा दुर्लक्ष करा आणि शेवटची तीन पावलं पाहा. खांदे दांडीपासून किती लांब कललेले असतात!

दुसरी गोष्ट उडीनंतरची. आम्ही शाळेत कात्री मारून वाळूत पायांवर उतरायचो. त्या वाळूत कुणी मानेवर-खांद्यांवर पडलं असतं तर थेट दवाखानाच. भुसा किंवा वाळूच्या खड्ड्यांच्या काळात पाठमोरी उडी कुणाला सुचली असती तरी दुसऱ्यांदा मारायला तो उरला असता का, शंकाच आहे. फॉस्बरीच्या शाळेत ऐन वेळी फोमची गादी आली. त्या गादीचं नाव पदकांच्या यादीत कुठेच नसतं, याची मला फार चुटपुट लागते.

नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे ही उडी शिकला तेव्हा गावात फोमची गादी नव्हती. मक्याच्या भुशाचा ढीग रचून त्याची गादी केली होती. पाठीवर पडायची भीती जाईपर्यंत त्याने त्या भुशावर उड्या मारल्या. 2024 मध्ये तो पॅरिस ऑलिम्पिकच्या मैदानात उतरला, पण 2.15 मीटरवर अडकला आणि अंतिम फेरी हुकली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2025 मध्ये, टोकियोच्या जागतिक स्पर्धेत त्याने अंतिम फेरी गाठली. तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय उंच उडीपटू. त्या संध्याकाळी तो 2.28 मीटरवरून पाठमोरा गेला, फॉस्बरीच्या सोनेरी उडीपेक्षा चार सेंटिमीटर वरून, आणि सहावा आला.