घाटाची बीआरएम: नोंदणीपासून मान्यता क्रमांकापर्यंत

२०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, साडेतेरा तास मिळतात. रस्ता माळरानातून सरळसोट जाणारा असो की पसरणीचा घाट चढून पाचगणीला नेणारा, घड्याळ तेच. चढाईसाठी एक मिनिटही जादा मिळत नाही. पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सगळ्यात आधी सांगते. नोंदणीच्या पानावर किलोमीटर मोठ्या अक्षरात असतात आणि चढाईचे मीटर कुठेतरी कोपऱ्यात, त्यामुळे ते नजरेतून निसटतात. मग मंडळी वाईला पोहोचेपर्यंत दमून जातात आणि खरा घाट तर तिथूनच सुरू होतो.

बीआरएम ही शर्यत नाही. पॅरिसचा ऑडॅक्स क्लब पॅरिसियन हा क्लब जगभरच्या या राइड्सना मान्यता देतो. भारतात हे काम ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स या संस्थेमार्फत चालतं आणि प्रत्यक्ष राइड त्या त्या शहरातला क्लब भरवतो. पहिला, दुसरा असा क्रमांक कुणालाच मिळत नाही. ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या रस्त्याने, स्वतःच्या बळावर अंतर पुरं केलंत की तुम्ही रँडोनर. २०० ला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४० आणि १००० ला ७५ तास. १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर हा एक हंगाम. त्यात २००, ३००, ४०० आणि ६०० अशा चारही राइड झाल्या तर तुम्ही 'सुपर रँडोनर', म्हणजे सायकलवाल्यांच्या भाषेत 'एसआर'.

कोण भाग घेऊ शकतं

कोणीही. २०० साठी आधीच्या राइडचा दाखला लागत नाही, क्लबचं सभासदत्व लागत नाही, वयाला वरची मर्यादा नाही. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची लेखी संमती लागते. काही क्लब त्यांना घेतच नाहीत, तेव्हा आयोजकांना आधी विचारा. सायकल रोड बाइक असली पाहिजे असंही नाही. हायब्रिड, एमटीबी म्हणजे डोंगरी सायकल, दोघांची टँडेम, सगळं चालतं. अट एकच: ती माणसाच्या ताकदीवर चालली पाहिजे. बॅटरीवरच्या सायकली बाद.

माझ्या मते खरी पात्रता कागदावर नसतेच. एका दिवसात १०० ते १२० किलोमीटर आणि त्यात निदान दोन घाट, असं दोन-तीनदा केलेलं असेल तरच घाटाच्या २०० ला नाव द्या. नसेल तर पहिली बीआरएम सपाट रस्त्याची निवडा. त्यात काही कमीपणा नाही.

नोंदणी आणि कागदपत्रं

ऑडॅक्स इंडियाच्या संकेतस्थळावर आपलं खातं उघडायचं, कॅलेंडरमध्ये आपल्या शहराची राइड शोधायची, शुल्क ऑनलाइन भरायचं. काम दहा मिनिटांचं आहे, तरी दोन ठिकाणी जपा. पहिलं म्हणजे नाव. ओळखपत्रावर, आणि पासपोर्ट असेल तर त्यावर, जसं आहे तसंच नाव लिहा. एकदा 'राजू', एकदा 'राजेंद्र' आणि एकदा आडनावाचं स्पेलिंग वेगळं, असं झालं की चार राइड एका माणसाच्या आहेत हे पुढे सिद्ध करत बसावं लागतं. दुसरं म्हणजे शेवटची तारीख. नोंदणी राइडच्या काही दिवस आधीच बंद होते, कारण ब्रेव्हे कार्डं, म्हणजे वाटेत शिक्के घ्यायची कार्डं, छापायची असतात. पहाटे थेट स्टार्टला येऊन 'घ्या ना मला' म्हणणाऱ्याला परत पाठवताना आम्हा स्वयंसेवकांनाही वाईट वाटतं.

बरोबर ठेवायचं ते असं: सरकारी ओळखपत्र, पैसे भरल्याची पावती आणि सही केलेलं जबाबदारीपत्र, म्हणजे मी माझ्या जोखमीवर सायकल चालवतो आहे असा कागद. फॉर्मवर रक्तगट आणि अडीअडचणीला फोन करायच्या माणसाचा नंबर असतो. तिथे त्या दिवशी फोन उचलेल अशाच माणसाचा नंबर द्या. शेजारी सायकल चालवणाऱ्या मित्राचा देऊ नका. डॉक्टरांचा दाखला आयोजक मागतील किंवा न मागतील, पण चाळिशी उलटली असेल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर स्वतःसाठी एकदा तपासून घ्या. चढावर तासभर हृदय किती धावतं, ते आपल्याला खालून कळत नाही. अपघात विमाही असू द्या.

घड्याळाचं गणित

यावर जरा थांबते, कारण घाटाची राइड इथेच जमते किंवा हातची जाते. प्रत्येक कंट्रोल, म्हणजे वाटेतलं हजेरी नोंदवायचं ठिकाण, कधी बंद होतो ते कार्डावर छापलेलं असतं. साधा हिशेब तासाला १५ किलोमीटरचा.

पुण्याहून सकाळी ६ ला निघून पाचगणीला जाऊन परत, असा रस्ता धरू. अर्ध्यावरचा, १०० किलोमीटरचा कंट्रोल दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी बंद होतो. वाई ते पाचगणी हा पसरणी घाट साधारण १२ किलोमीटरचा आहे आणि त्यात साडेपाचशे मीटरच्या वर चढाई आहे. बहुतेकांचा वेग इथे ताशी आठवर येतो, म्हणजे घाटालाच दीड तास. वाईला साडेदहाला असाल तर वर १२ ला पोहोचाल आणि हातात ४० मिनिटं राहतील. वाईतून सव्वाअकराला निघालात तर त्याच वेगाने १२:४५ होतात आणि कंट्रोल गेलेला असतो.

म्हणून घाटाच्या राइडमध्ये वेळ कमवायचा तो घाटाआधीच्या रस्त्यावर. मात्र तिथे जोर लावून नाही. कात्रज आणि खंबाटकी आरामात चढा, सपाटीला बावीस-तेवीसचा वेग धरून ठेवा आणि थांबे आखडते घ्या. खंबाटकी उतरल्यावर मिसळीसाठी अर्धा तास बसलेली मंडळी पसरणीत सायकल हातात धरून चालताना दिसतात. सायकल ढकलत चालणं नियमात बसतं, पण ते वेगात बसत नाही.

उताराने गेलेला वेळ भरून निघतो, यावर विसंबू नका. पसरणीच्या वळणांवर माकडं असतात, समोरून गाड्या येतात आणि पावसाळ्यात शेवाळ असतं. पुढचा-मागचा ब्रेक आळीपाळीने, तोडून तोडून दाबा. सलग दाबून ठेवलात तर रिम ब्रेकची रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते.

तयारी

तीन महिने हातात ठेवा. आठवड्यात दोन छोट्या राइड, एक लांबची आणि एक निव्वळ चढाची. पुण्यात सिंहगड आहेच. शनिवार-रविवारची गर्दी टाळून मधल्या वारी पहाटे जा. बोपदेव चढून सासवडमार्गे दिवे घाटाने उतरण्याचा फेराही चांगला. ठाण्याच्या लोकांना येऊर आहे, कोल्हापूरकरांना पन्हाळा. एकच घाट लागोपाठ दोनदा चढा. दुसऱ्या खेपेला पाय काय सांगतात, तोच बीआरएमचा अंदाज.

सायकलला मागच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांच्या संचावर, ३२ किंवा ३४ दात्यांची चकती बसवून घ्या. अकरा ते अठ्ठावीस दात्यांच्या कॅसेटवर पसरणी चढणारे आहेत, पण ८० किलोमीटर झाल्यावर गुडघे कुरकुरतात. गिअर बदलून घेतले तर निदान दोन आठवडे आधी, आदल्या दिवशी मुळीच नाही. खाण्याचंही तसंच: केळी, चिक्की, राजगिऱ्याची वडी, मीठ-साखरेचं पाणी, जे सरावात पचलं तेच बरोबर घ्या. भूक लागायच्या आधी, दर पाऊण तासाने थोडं थोडं खा.

दिवे आणि जॅकेट

स्टार्टला सायकल तपासली जाते. हेल्मेट नसेल तर निघता येत नाही. रात्री सायकल चालवायची असेल तर पुढे-मागे दिवे सायकलला पक्के बसवलेले हवेत, मागचा निदान एक दिवा लुकलुकणारा नको, सतत पेटता हवा आणि अंगात चमकपट्ट्यांचं जॅकेट हवं. बरेच क्लब जॅकेट दिवसाही घालायला लावतात. '२०० तर आहे, उजेडात संपेल' असं म्हणत दिवा न आणणारे दर वेळी भेटतात. सकाळी ६ ला निघालात तर शेवटची वेळ संध्याकाळी साडेसातची आहे आणि डिसेंबरात सहा-सव्वासहालाच अंधारून येतं.

शिवाय आपला हंगाम आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण एकाच सुमारास सुरू होतात. वाई-सातारा पट्ट्यात संध्याकाळी ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस निघालेला असतो. मागे कित्येकदा ना दिवा, ना रिफ्लेक्टर. एका डिसेंबरात सुरूर फाट्याजवळ माझ्या पुढच्या दिव्याच्या उजेडात आधी फक्त उसाची वाढी हलताना दिसली, मग ट्रॉली. अंतर जेमतेम दोन सायकलींचं. तेव्हापासून मी दुसरा टॉर्च कधीच घरी ठेवत नाही.

ब्रेव्हे कार्ड जपा

स्टार्टला मिळणारं कार्ड हाच तुमचा पुरावा. कंट्रोलवर वेळ आणि शिक्का किंवा सही घ्यायची. जिथे स्वयंसेवक नसतो तिथे वेळ छापलेली पावती चालते: एटीएमची, पेट्रोल पंपाची, हॉटेलची. कधी कार्डावर प्रश्न असतो, 'मंदिराच्या कमानीचा रंग कोणता' असा, आणि उत्तर जागेवर जाऊनच लिहावं लागतं. वाटेत न सांगितलेला गुप्त कंट्रोलही असू शकतो, म्हणून शॉर्टकट घेऊ नका.

माझ्या दुसऱ्या ३०० मध्ये एका गावातल्या एटीएमने पैसे दिले, पण पावतीचा कागद संपलेला होता. शेजारच्या चहावाल्याकडून बिलावर वेळ लिहून घेतली, सही घेतली आणि घड्याळासकट फोटो काढला. ते चाललं. त्याच राइडची आणखी एक पावती मात्र जर्सीच्या खिशात घामाने भिजून शेवटी कोरी पांढरी झाली होती. ती छपाई शाईची नसते, उष्णतेची असते, आणि असा कागद घामात टिकत नाही. तेव्हा कार्ड आणि पावत्या झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, वर प्रत्येक पावतीचा लगेच मोबाइलवर फोटो काढा.

मदतीचा नियमही कडक आहे. घरचं कुणी गाडी घेऊन आलं तर ते फक्त कंट्रोलवर भेटू शकतं. मागोमाग गाडी, वाटेत दिलेली पाण्याची बाटली, यावरून राइड बाद होते. रस्त्यावरच्या टपरीत चहा घ्या, पंक्चरवाल्याकडे जा, दुसऱ्या रायडरची ट्यूब घ्या, हे सगळं चालतं.

सोडावं लागलं तर आयोजकांना फोन करून सांगा. घाटात रेंज नसेल तर पुढच्या गावातून करा. न सांगता एसटीत सायकल टाकून घरी गेलेल्या माणसाला शोधत स्वयंसेवक मध्यरात्रीपर्यंत रस्त्यावर फिरतात.

राइडनंतर

शेवटच्या कंट्रोलवर कार्डावर सही करून ते जमा करायचं. क्लब निकाल ऑडॅक्स इंडियाकडे देतो, तिथून तो पॅरिसला जातो आणि तुमच्या राइडला मान्यता क्रमांक मिळतो. याला काही आठवडे लागतात. पदक हवं असेल तर ते वेगळे पैसे भरून मागवायचं, आपोआप येत नाही. निकालात नाव नसेल किंवा चुकलं असेल तर मोबाइलमधले तेच फोटो जोडून आयोजकांना लगेच लिहा. हंगाम संपल्यावर दुरुस्ती अवघड जाते.

हे क्रमांक पुढे कामाला येतात ते पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससाठी. १८९१ पासूनची ही राइड आता दर चार वर्षांनी होते. २०२३ ला झाली, पुढची २०२७ ला. सुमारे १२०० किलोमीटर, कमाल ९० तास. उंच घाट एकही नाही, पण लहान-मोठे चढ-उतार संपतच नाहीत आणि त्यांची बेरीज १२ हजार मीटरच्या आसपास जाते. वय १८ पूर्ण हवं. त्याच वर्षीची एसआर मालिका पुरी लागते. आधीच्या वर्षी ज्याची बीआरएम जितकी लांब, त्याला पूर्वनोंदणीची खिडकी तितकी आधी उघडते, हे २०२३ ला सगळ्यांनी अनुभवलं. ज्यांनी २०२२ मध्ये फक्त २०० केली होती त्यांना १००० वाल्यांच्या बरंच मागे थांबावं लागलं.

तिकडे जायला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. राइड ऑगस्टमध्ये असते. उन्हाळी सुट्टीच्या प्रवाशांमुळे मे-जूनमध्ये व्हिसाच्या तारखा भराभर भरतात, तेव्हा नोंदणी पक्की झाल्याचं पत्र हाती आलं की त्याच आठवड्यात तारीख घ्या.