चूक झाली? हात वर करा. कार्ड स्पर्धेतले खेळाडू आणि त्यांचे पालक यांच्यासाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानातल्या रविवारच्या स्पर्धांना आता कुणी जालन्याहून सकाळच्या एसटीनं येतं, कुणी परभणीहून रेल्वेनं, आणि छत्रपती संभाजीनगरातली पोरं तर सायकलवरच येतात. कुणी मॅजिक खेळतं, कुणी पोकेमॉन, कुणी यु-गि-ओ. तिन्ही कार्डांचेच खेळ, प्रत्येक जण आपला कार्डांचा गठ्ठा, म्हणजे डेक, घेऊन बसतो. बहुतेक जण घरी मेंढीकोट, झब्बू, पाच-तीन-दोन खेळत मोठे झालेले. घरी कुणाच्या हातून चूक झाली तर आजी रागावते, सगळे हसतात आणि डाव परत वाटला जातो. स्पर्धेत डाव परत वाटता येत नाही. वेळ मोजलेली असते आणि तुमच्या टेबलावरच्या निकालावरून पुढच्या फेरीत कोण कुणाशी खेळणार ते ठरतं. म्हणून चूक झाल्यावर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. आमच्याकडे ते कसं ठरलंय, ते इथं सांगतो.

जज बोलावणं म्हणजे चुगली नव्हे

जज म्हणजे स्पर्धेत नियमांचा निवाडा करणारा माणूस. सगळ्यात जास्त गैरसमज इथंच होतो, म्हणून हे सुरुवातीलाच. आपल्याकडे ‘सरांना सांगतो’ म्हणणारं लेकरू भित्रं ठरतं. त्यामुळे दहा-बारा वर्षांचा मुलगा कॉलेजातल्या दादासमोर बसला आणि दादानं एकाच टर्नमध्ये, म्हणजे एकाच पाळीत, दोन एनर्जी (हल्ल्यासाठी लागणारी ताकदीची कार्डं) लावल्या, तर तो बघतो, चुळबुळतो आणि गप्प बसतो. घरी गेल्यावर आईला सांगतो. असं होऊ नये म्हणून आम्ही फार धडपडतो. पोकेमॉनमध्ये हातातली एनर्जी एका टर्नला एकदाच लावायची. दादा ते विसरला असेल, मुद्दाम केलं नसेल. पण ते ठरवायचं काम त्या मुलाचं नाही आणि दादाचंही नाही. मुलानं हात वर करायचा आणि ‘जज’ म्हणायचं, बस. जज येतो, दोघांचं ऐकतो, चूक दुरुस्त करतो आणि जातो. कुणाच्या नावावर काळा शेरा पडत नाही.

मोठ्यांना एक विनंती. समोरच्या लेकरानं हात वर केला तर कपाळाला आठ्या घालू नका. तुमच्याच हातून चूक झाली असेल तर तुम्हीच आधी हात वर करा. मागे एका उपांत्य सामन्यात पाचवी-सहावीतल्या एका मुलानं स्वतःच जज बोलावला आणि म्हणाला, ‘काका, मी दोन कार्डं ओढली, समोरच्या दादानं बघितलं नाही.’ त्या दिवशी दुकानात बसलेल्या प्रत्येकाला तो मुलगा लक्षात आहे. सामना कोण जिंकलं, हे आम्हाला आठवत नाही.

जास्तीचं कार्ड ओढलं तर

हीच चूक सगळ्यात जास्त होते, आणि तिचं कारणही ठाऊक आहे. आपली पोरं तिन्ही खेळ खेळतात आणि तिन्हींचे नियम वेगळे. मॅजिकमध्ये दोघांच्या सामन्यात जो आधी खेळतो, तो पहिल्या टर्नला कार्ड ओढत नाही. यु-गि-ओमध्येही तसंच. पोकेमॉनमध्ये मात्र आधी खेळणाराही ओढतो, पण त्या टर्नला हल्ला करू शकत नाही. शनिवारी पोकेमॉन खेळलेला हात रविवारी मॅजिकच्या टेबलावर आपोआप डेककडे जातो. त्यात लबाडी नसते.

आमची साधी स्पर्धा मॅजिकच्या भाषेत ‘रेग्युलर’ पातळीवर चालते. त्या पातळीवर जास्तीचं कार्ड हातात मिसळलं असेल, तर हातातलं कुठलंही एक कार्ड न बघता निवडून डेकच्या वर ठेवतात आणि खेळ पुढे चालू होतो. शिक्षा नाही. मोठ्या ‘कॉम्पिटिटिव्ह’ पातळीवर हीच चूक झाली तर समोरचा खेळाडू तुमचा हात बघतो, त्यातलं कार्ड तो निवडतो, ते डेकमध्ये पिसलं जातं आणि तुम्हाला वॉर्निंग मिळते. पुण्या-मुंबईच्या स्पर्धांना जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. तिथं पहिल्यांदा असं झालं की माणूस हबकतो आणि उरलेला सामनाही हातचा घालवतो.

मागे जायचं की पुढे?

‘जज, परत मागे नेऊ या ना’ ही मागणी रोज होते. कधी आम्ही हो म्हणतो, कधी नाही. त्यामागे लहर नसते, हिशोब असतो.

मॅजिकमध्ये लँड म्हणजे बाकीची कार्डं खेळायला बळ देणारं कार्ड, ते एका टर्नला एकच ठेवायचं. समजा तुम्ही एकाच टर्नला दुसरी लँड ठेवली आणि लगेच लक्षात आलं. उचलून हातात घ्या, झालं. पण ती लँड ठेवून तीन टर्न झाले, त्या लँडवर दोन जादू खेळून झाल्या, समोरच्यानं त्यांना उत्तर म्हणून स्वतःचं महत्त्वाचं कार्ड खर्च केलं, मध्ये कुणीतरी डेक पिसला. आता मागं जायचं तर कुठवर? पिसलेला डेक पूर्वीच्या क्रमात लावता येत नाही. आणि एकमेकांच्या हातात काय होतं हे दोघांनाही कळलंय, ते डोक्यातून काढता येत नाही. अशा वेळी मागं नेलं तर चूक झाली त्याहून मोठा अन्याय होतो. म्हणून खेळ आहे तसा पुढे चालतो, आणि जो नियम अजूनही मोडलेला असेल तेवढा सुधारला जातो. यात चूक करणाऱ्याचा थोडा फायदा होतोय असं कधी कधी वाटेल. म्हणूनच चूक लक्षात आली त्या क्षणी बोला. ‘एवढा टर्न होऊ दे, मग सांगतो’ असं केलंत तर आमचेही हात बांधले जातात.

समोरच्यानं नियम मोडलेला दिसला तर तो दाखवून देणं हे तुमचंही काम आहे. खेळ नीट ठेवायची जबाबदारी दोघांची. मॅजिकमध्ये याला एकच अपवाद आहे: समोरच्या खेळाडूच्या एखाद्या कार्डाचा आपोआप घडणारा परिणाम, ज्याला ‘ट्रिगर’ म्हणतात, तो विसरला तर त्याला आठवण करून द्यायची सक्ती तुमच्यावर नाही. द्यायची असेल तर जरूर द्या. नाही दिली तर त्याला कुणी अप्रामाणिकपणा म्हणू नये.

इंग्रजी वाचता येत नसेल तर

कार्डांवरचा मजकूर इंग्रजीत असतो आणि आमच्याकडे येणारी कितीतरी लेकरं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतली आहेत. खेळात ती मुळीच कमी नाहीत, पण समोरच्याचं कार्ड वाचताना अडखळतात आणि लाजेनं ‘हो हो, कळलं’ म्हणून पुढे जातात. असं करू नका. टेबलावर उघडं पडलेलं प्रत्येक कार्ड वाचायचा, परत परत वाचायचा, हा तुमचा हक्क आहे. जजला बोलवा, तो मराठीत अर्थ सांगेल. समोरच्यानं सांगितलेल्या अर्थावर अवलंबून राहू नका. तो खोटं सांगेल म्हणून नव्हे. त्याचाही वाचण्यात घोटाळा होऊ शकतो, म्हणून.

जज काय सांगणार नाही, तेही माहीत असू द्या. ‘आता हे कार्ड खेळू का?’ याचं उत्तर जज देत नाही. ‘हे कार्ड खेळलं तर काय होतं?’ याचं देतो.

निकाल आमचाच चुकला तर

असं घडलंय. मॅजिकच्या एका सामन्यात पाच ताकदीचा, ‘ट्रॅम्पल’ (उरलेले घाव थेट समोरच्या खेळाडूला) आणि ‘डेथटच’ हे दोन्ही गुण असलेला प्राणी हल्ल्याला आला होता आणि त्याला अडवायला समोर चार सहनशक्तीचा, म्हणजे चार घावांत मरणारा, प्राणी होता. खेळाडूनं विचारलं, अडवणाऱ्या प्राण्याला एकच घाव द्यायचा आणि बाकीचे चार समोरच्या खेळाडूला, असं चालेल का? घाईत आम्ही म्हटलं, नाही, आधी चार, उरलेला एक. हे साफ चूक होतं. डेथटच असेल तर एक घावही जीवघेणा धरला जातो, त्यामुळे बाकीचे चार खेळाडूला देता येतात. तो मुलगा तेवढ्यानं हरला. फेरी संपून पुढच्या जोड्या लागल्या होत्या, निकाल बदलता आला नाही. संध्याकाळी आम्ही त्याची आणि त्याच्या वडिलांची माफी मागितली. ते अजून मनाला लागून आहे.

तेव्हापासून एक पद्धत पक्की केली. लहान दुकानात एकच जज असतो, वर दाद मागायला हेड जज नसतो. म्हणून निकाल पटला नाही तर ‘नियम उघडून दाखवा’ असं सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. जज दोघांसमोर अधिकृत नियम उघडतो आणि वाचून दाखवतो. यात जजचा अपमान होत नाही. या सगळ्यात एका मिनिटापेक्षा जास्त वेळ गेला तर तेवढा वेळ तुमच्या टेबलाला वाढवून मिळतो. वीज गेली तरी तसंच. इन्व्हर्टरवर दिवे लागेपर्यंत घड्याळ थांबतं.

पिसणं, काटणं, स्लीव्ह

डेक पिसून समोरच्याला काटायला द्या, दर वेळी. बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिलं की ५२ पत्त्यांचा कॅट अर्धा-अर्धा करून एकमेकांत फरफरवत मिसळायचा तर साधारण ७ वेळा मिसळावा लागतो. आपला डेक ६० कार्डांचा, त्यामुळे दोन-तीन वेळा हलवून ‘झालं’ म्हणू नका. टेबलावर एकेक कार्ड ढिगांत टाकत जाणं मोजायला ठीक आहे. त्यानं कार्डं पिसली जात नाहीत, फक्त एका ठराविक रीतीनं जागा बदलतात.

स्लीव्ह, म्हणजे कार्डावर चढवायची प्लास्टिकची पाकिटं, सगळ्या एकसारख्या आणि फार न झिजलेल्या हव्यात. पावसाळ्याच्या दमटपणात चमकती फॉइल कार्डं वाकतात, आणि वाकलेलं कार्ड डेकमध्ये कुठं आहे ते न बघताही कळतं. ते खूणवाल्या पत्त्यासारखंच झालं. मुद्दाम केलं नसलं तरी ते बदलावं लागेल. साध्या स्लीव्ह काउंटरवर मिळतात.

डेकची संख्या घरूनच मोजून या. मॅजिकमध्ये किमान ६० कार्डं, जास्त चालतात. पोकेमॉनमध्ये बरोबर ६०, एकसष्ट झाली तरी चूक. यु-गि-ओच्या मुख्य डेकमध्ये ४० ते ६०. एकाच नावाची कार्डं मॅजिक आणि पोकेमॉनमध्ये ४, यु-गि-ओमध्ये ३. बेसिक लँड आणि बेसिक एनर्जीला ही मर्यादा नाही.

सोनेरी कार्डं

जत्रेत आणि स्टेशनरीच्या दुकानात सोनेरी प्लास्टिकची पोकेमॉन कार्डं मिळतात. ती अस्सल नाहीत आणि स्पर्धेत चालत नाहीत. पण वडिलांनी हौसेनं आणून दिलेला गठ्ठा घेऊन एखादं लेकरू पहिल्यांदा दारात येतं, तेव्हा त्याला ‘नकली’ म्हणून हिणवणाऱ्याला आम्ही बाजूला घेऊन समजावतो. त्या लेकराला त्या दिवसापुरता दुकानाचा डेक वापरायला मिळतो. ते घाबरून परत गेलं तर खेळालाच तोटा. अदलाबदलीतही हेच लक्षात ठेवा: चौदा वर्षांखालच्या मुलाशी महागाच्या कार्डाची अदलाबदल त्याच्या पालकासमोरच करायची.

जिथं माफी नाही

चूक आणि फसवणूक यांतली रेघ साधी आहे. हे नियमात बसत नाही हे माहीत असताना, फायद्यासाठी केलं, तर ती फसवणूक. जजशी खोटं बोलणं त्यातच येतं. वेळ संपावी म्हणून मुद्दाम रेंगाळणंही त्यातच. विचार करायला वेळ लागणं वेगळं, त्याला आम्ही फक्त ‘जरा लवकर’ म्हणतो. फासा टाकून सामन्याचा निकाल ठरवणं, ‘तू हार, बक्षिसाचे पॅक अर्धे वाटून घेऊ’ म्हणणं, टेबलावर पैज लावणं, यासाठी त्या दिवसापुरतं बाहेर जावं लागतं. मग तो आमचा कितीही जुना ग्राहक असो. पत्ते म्हटलं की आपल्याकडे अजूनही जुगाराचा संशय येतो, आणि लेकरांना पाठवताना आई-वडिलांच्या मनात तो असतोच. दुकानात एक रुपयाचीही पैज लागली तर तो संशय खरा ठरेल. तो रडीचा डाव आम्ही खेळू देणार नाही.

पालकांसाठी शेवटची गोष्ट. सामना चालू असताना मुलाच्या मागे उभं राहून ‘ते टाक, ते टाक’ सांगू नका, मोठ्या भावालाही सांगू देऊ नका. कानात सांगितलेली एक खेळीसुद्धा बाहेरची मदत ठरते. मूल जिंको वा हरो, सामना संपेपर्यंत काउंटरजवळच्या बाकावर बसा. पाणी तिथं माठात आहे. नियम समजून घ्यायचे असतील तर बुधवारी संध्याकाळी या. त्या दिवशी स्पर्धा नसते, फी नसते, आणि कुठलीही खेळी हवी तितक्या वेळा मागं घेता येते.